काट्यावरची नोंद



'उद्योग-व्यापारातलं माहिती तंत्रज्ञान' हा विषय व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला दिला. हे शब्द ऐकले की डोळ्यांपुढे हिंजवडीच्या काचेच्या इमारती येतात. मी मात्र सुरुवात इथून, ढोकीपासूनच करणार आहे. या विषयाच्या जगभरच्या इतिहासात आपल्या शेजारच्या गावाचं नाव फार आधी येऊन गेलेलं आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या माणसानं 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' नावाचं एक छोटं पुस्तक लिहिलं. लेखकाचं नाव उरलं नाही, पुस्तक उरलं. कोणत्या बंदरात काय खपतं, तिथून काय भरून आणावं, इजिप्तमधून गलबत कोणत्या महिन्यात सोडावं, कुठल्या राजाला कोणता नजराणा द्यावा लागतो, अशी सगळी कामाची माहिती त्यात आहे. त्यात लिहिलं आहे की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तगरहून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येते. हे तगर म्हणजे आपलं तेर, गोरोबाकाकांचं तेर, हे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१मध्ये साधार मांडलं. तिथल्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तशाच धाटणीची मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली.

इतिहासाचे अभ्यासक हे पुस्तक प्राचीन भूगोल म्हणून वाचतात. मी आयुष्यभर वाणिज्य शिकवलं, त्यामुळे मला त्यात व्यापाऱ्याची टिपणवही दिसते. समुद्रापलीकडे बसलेल्या गलबतवाल्याला तगरचा माल ठाऊक होता, वाट ठाऊक होती, दिवस ठाऊक होते. कापड विणणाऱ्याला त्या कापडाचे किती मिळाले, हे मात्र त्या पुस्तकात कुठेही नाही. ते लिहिण्याची लिहिणाऱ्याला गरजच नव्हती. माहिती गोळा करण्याचा खर्च ज्यानं केला, त्याच्या उपयोगापुरतीच ती लिहिली गेली.

माहिती तंत्रज्ञान म्हणजे संगणक, अशी आपली समजूत झाली आहे. संगणक या गोष्टीत फार उशिरा आला. व्यवहाराची माहिती लिहून ठेवणं, ती सांभाळणं, ती दुसऱ्या ठिकाणी पोचवणं आणि लिहिलेलं खरं आहे की नाही हे पडताळून पाहणं, ही कामं व्यापाराइतकीच जुनी आहेत. कागद, तार, संगणक, मोबाइल यांनी पहिली तीन कामं विलक्षण वेगानं सुधारली. चौथं काम, पडताळणीचं, मागे राहिलं. ज्याच्या नावावर नोंद होते त्याला ती तपासता येते का, हाच प्रश्न मी आज प्रत्येक यंत्राला विचारणार आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांनी आडत दुकानाच्या गादीवर बसून वह्या लिहिण्यात आयुष्य घालवलं. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार जसे घडले तसे उतरवायचे, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचे, आणि संध्याकाळी रोजमेळ एका पैशानं चुकला तरी दिवा मालवायचा नाही. ही शिस्त साधी नव्हती. देण्याची आणि घेण्याची बाजू समोरासमोर मांडली की चूक आपोआप उघडी पडते, हा तिचा गाभा. इटलीत लुका पाचोली यांनी १४९४मध्ये दुहेरी नोंदीची पद्धत छापून जगापुढे ठेवली. आपल्या पेढ्यांवर वेगळ्या वाटेनं अशीच शिस्त वाढली होती. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वहीवर हळद-कुंकू वाहतो ते या शिस्तीपायी. आडत्याच्या, सावकाराच्या आणि गावोगावच्या व्यापाऱ्यांच्या आपापसातल्या व्यवहारांत ही वही पुरेशी होती, कारण दोन्ही बाजूंना वही होती. एकाची दुसऱ्याशी ताडून पाहता येई.

कर्ज घेणाऱ्या कुळाकडे वही नव्हती. त्याच्याकडे अंगठा होता.

याचं काय होतं, ते १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दिसलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळला, सारा मात्र वाढला आणि सावकारांनी उधारी बंद केली. बाजाराच्या दिवशी सुप्याला शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. पुढे शिरूर, इंदापूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या तालुक्यांत तेच झालं. सरकारनं चौकशी आयोग नेमला, त्याच्या अहवालातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जमावाला बहुतेक ठिकाणी पैसा-अडका नको होता. त्याला कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे हवे होते. जिथे सावकारानं कागद मुकाट्यानं काढून दिले, तिथे फारसा दंगा झालाच नाही. कागद जाळले आणि लोक घरी गेले.

दख्खनचे दंगे म्हणून शाळेत आपण हे दोन ओळींत शिकतो. मला तो आपल्या प्रांतातल्या माहितीच्या व्यवस्थेविरुद्धचा पहिला मोठा उठाव वाटतो. त्या कागदांत आपल्या नावावर काय लिहिलं आहे हे वाचता येत नव्हतं, ताडून पाहायला दुसरा कागद नव्हता, आणि कोर्ट मात्र त्याच कागदाला सत्य मानत होतं. अशा माणसापुढे कागद जाळण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नव्हता. सरकारनं १८७९मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात व्याजावरचे निर्बंध होतेच. शिवाय ऋणकोला पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मागता आला पाहिजे, पासबुक मिळालं पाहिजे आणि शेतकऱ्याचे रोखे सरकारी निबंधकासमोर लिहिले गेले पाहिजेत, अशी कलमं होती. म्हणजे नोंदीची दुसरी प्रत कुळाच्या हातात. कायदा अर्धामुर्धा पाळला गेला, सावकारांनी पळवाटा काढल्या, हे खरं. तरी कुळालाही नोंद पाहण्याचा हक्क आहे, हे तत्त्व तिथे कायद्यात आलं.

हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला लागू झाला. ढोकी निजामाच्या राज्यात होती, तिथे त्याचा उपयोग नव्हता. गाडीवानाला एका दिवसात ओलांडता येईल अशी ही सरहद्द होती, पण पावती मागण्याचा हक्क तिच्या अलीकडे येत नव्हता.

त्याच सरहद्दीवरून पुढे रेल्वे आली. बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ १८९७मध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत पडले. नंतरच्या दहा-बारा वर्षांत ते तडवळ्यापर्यंत आणि १९११ला ढोकीवरून लातूरपर्यंत गेले. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी ती छोटी गाडी पाहिली आहे. २००७-०८मध्ये रुंद मार्ग झाला तेव्हा ती गेली. गाडीबद्दल पुष्कळ बोललं जातं. रुळांच्या कडेच्या खांबांवरच्या तारेबद्दल कुणी बोलत नाही, आणि व्यापार बदलण्यात तारेचा वाटा गाडीपेक्षा कमी नाही. १८७०मध्ये समुद्राखालची तार मुंबईला पोचली होती. लिव्हरपूलचा कापसाचा भाव मुंबईला आणि मुंबईचा भाव बार्शीसारख्या पेठेला कळायला आठवडे लागत होते, तिथे आता तास लागू लागले. पण तार येत होती ती पेठेतल्या व्यापाऱ्याच्या नावे. बैलगाडी जुंपून निघालेल्या शेतकऱ्याला भाव कळायचा तो पेठेत पोचल्यावर, आणि माल परत न्यायचा तर पुन्हा तेवढीच मजल.

त्यात इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारांना साधारण एकशे सोळा हाली असा सरकारी हिशेब होता. म्हणजे निजामाच्या मुलखातून बार्शीला माल नेणाऱ्याला दोन आकडे न कळता सौदा करावा लागे, मालाचा भाव आणि नाण्याचा बट्टा. यांतल्या प्रत्येक आकड्यात मधल्या माणसाची कमाई होती.

आणि भाव ठरायचा तो रुमालाखाली. आडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करत. ज्याचा माल तो समोर उभा असे, आणि त्यालाच भाव दिसत नसे. शाही शेती आयोगानं १९२८च्या अहवालात बाजारातल्या अशा प्रथांवर कोरडे ओढले. त्याच्याही आधी वऱ्हाडात कारंजा इथे १८८६मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला होता. हैदराबाद राज्यात १९३०मध्ये शेती बाजाराचा कायदा झाला, महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३चा. आज बाजार समितीत उघडा लिलाव होतो, भाव मोठ्यानं पुकारला जातो आणि पट्टीवर लिहिला जातो. यात कुठलंही यंत्र नाही. तरी व्यापारातल्या माहितीची एवढी मोठी सुधारणा आपल्या भागात दुसरी झाली नाही, असं माझं मत आहे. रुमाल काढून टाकण्याला वीज लागली नाही.

संगणक व्यापारात आला तो विलायतेतल्या चहाच्या दुकानांतून, हे पुष्कळांना नवल वाटेल. लायन्स नावाच्या कंपनीच्या चहाच्या खोल्या इंग्लंडभर होत्या. रोज कुठे किती पाव आणि केक पाठवायचे, त्याचा खर्च किती, हा हिशेब कारकुनांच्या फौजेला आवरेना. त्या कंपनीनं स्वतः संगणक बांधला, त्याला 'लिओ' नाव दिलं आणि नोव्हेंबर १९५१मध्ये त्यावर बेकरीचा हिशेब चालवला. धंद्याचं रोजचं काम करणारा तो पहिला संगणक मानला जातो. रोज नासणारा माल, शेकडो ठिकाणं आणि थोड्या वेळात पुष्कळ बेरजा हे त्याचं कारण. आपल्याकडे विमा आणि बँकांत तो आला तेव्हा नोकऱ्यांच्या भीतीनं कामगार संघटनांनी विरोध केला, आणि ती भीती निराधार नव्हती. पुढे १९८६मध्ये बंगळुरूत टॅलीची सुरुवात झाली आणि आडतीच्या गादीवर वहीशेजारी पडदा आला. तो भाग तुम्हाला माहीत आहे, मी तिथे थांबत नाही.

मला थांबायचं आहे ते साखर कारखान्यावर. ऊससुद्धा नासणारा माल आहे. तोडल्यावर दर तासाला त्याचं वजन आणि त्यातली साखर कमी होते. ऊस उभा ठेवला आणि तोड लांबली, तर त्याला तुरा येतो, वजन घटतं आणि पुढचं पीकही हुकतं. हजारो शेतं, शेकडो टोळ्या, एक गव्हाण. लायन्सच्या पावापेक्षा हे गणित अवघड आहे, आणि तेरणा नदीच्या काठानं ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे.

त्यात माहितीचे तीन मुक्काम आहेत. पहिला नोंदीचा. शेतकी खात्याचा चिटबॉय शेतावर येतो. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख लिहून नेतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा क्रम लागतो आणि त्यावरून तोडीची चिठ्ठी निघते. नोंद रजिस्टरमध्ये होती तेव्हा कुणाचं पान वर सरकलं हे समजायला मार्ग नव्हता. संगणकात तारखेप्रमाणे यादी एका क्षणात लागते. यादी लावणं सोपं झालं, पण ती गावाच्या फळ्यावर लागते का? तारखेप्रमाणे नंबर आणि प्रत्यक्ष तोड, दोन्ही शेजारी-शेजारी दिसले तर कुणाला चिठ्ठी आधी मिळाली हे शाळेतलं पोरही सांगेल. ती यादी कार्यालयातल्या पडद्यावरच राहिली तर संगणकानं जुनं रजिस्टर फक्त स्वच्छ अक्षरात लिहिलं, एवढंच म्हणता येईल. साखर आयुक्तालयानं २०२२मध्ये ऊस नोंदणीसाठी मोबाइल ॲप काढलं, शेतकऱ्यानं स्वतःची नोंद स्वतः करावी म्हणून. ते पाऊल योग्य दिशेचं आहे.

दुसरा मुक्काम काट्याचा. भरलेली गाडी काट्यावर चढते, मोकळी होऊन पुन्हा चढते. दोन वजनांतला फरक आणि त्यातून बांधणीची वजावट. काटामारी हा शब्द ऊस पट्ट्यात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. इलेक्ट्रॉनिक काटा आला, आकडा थेट संगणकात गेला, तरी शंका गेली नाही. २०२२च्या हंगामात स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं सगळ्या कारखान्यांचे काटे ऑनलाइन करा ही मागणी घेऊन आंदोलन केलं. त्याचं कारण समजून घ्या. पंधरा टनांच्या खेपेत एक टक्क्याचा फरक म्हणजे दीडशे किलो, टनाला तीन हजार धरले तर साडेचारशे रुपये. एका खेपेला हे कुणाच्या लक्षात येणार नाही. हंगामात कारखान्याच्या काट्यावर लाखो टन चढतात, तिथे तोच एक टक्का कोट्यवधींचा होतो. मी कुठल्याही कारखान्यावर आरोप करत नाही. प्रामाणिक कारखान्यालासुद्धा आपला प्रामाणिकपणा दाखवायला आज साधन नाही, आणि हे त्याचंही नुकसान आहे.

तिसरा मुक्काम उताऱ्याचा, आणि तो सगळ्यांत अवघड. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ज्याला आपण एफआरपी म्हणतो, साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. २०२४-२५च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त, असा केंद्राचा दर होता. तोडणी-वाहतूक वजा करून उरलेली रक्कम चौदा दिवसांत द्यावी, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज द्यावं, असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो. वजन निदान डोळ्यांनी दिसतं. उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेत निघतो, सबंध कारखान्याचा एकच निघतो, आणि माझ्या उसात साखर किती होती हे मला कळायचा रस्ता नाही. घरच्या मोबाइलवर 'उतारा अमुक' असा मेसेज आला म्हणजे माहिती मिळाली, पण पडताळणी झाली नाही.

सहकारी कारखान्याचा सभासद तर मालक असतो. त्याच्याकडे दरवर्षी वार्षिक अहवाल येतो, त्यात ताळेबंद छापलेला असतो, तोही मराठीत. देणी किती, गहाण काय, तोटा कितीवर गेला, सगळं त्यात असतं. आपल्या ढोकीच्या तेरणा साखर कारखान्याचं धुराडं कित्येक वर्षं थंड राहिलं आणि अखेर तो भाडेतत्त्वावर चालवायला दिला गेला, हे दुःख या सभागृहातल्या प्रत्येकाच्या घरानं भोगलं आहे. त्यामागे पाऊस, कर्ज, कारभार, सरकारी धोरण अशी अनेक कारणं होती आणि त्यांचा निवाडा करणं माझं काम नाही. पण सहकाराच्या चळवळीनं शेतकऱ्याला शेअर दिला, मत दिलं, आणि ताळेबंद वाचायला शिकवलं नाही, हे मी वाणिज्याचा शिक्षक म्हणून फार तळमळीनं सांगतो. मुंबईच्या एखाद्या कंपनीच्या भागधारकांसाठी अहवाल वाचून देणारे पगारी लोक असतात. आपल्या सभासदासाठी असं कुणी नाही.

आता मी तुम्हाला कोल्हापूरकडे नेतो, वारणानगरला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहात १९९८मध्ये 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प आला. पंतप्रधानांच्या कार्यालयानं नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाची ती कल्पना. केंद्र, राज्य आणि वारणा समूह यांनी खर्च वाटून घेतला, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं तांत्रिक बाजू सांभाळली. कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं जोडायची, गावोगावी संगणक केंद्र उघडायचं. तिथे बाजारभाव, पिकांचा सल्ला, सरकारी योजना, जमिनीचे दाखले, सगळं मराठीत मिळेल. त्या काळात वर्तमानपत्रांनी या प्रकल्पाचं फार कौतुक केलं, आणि एकविसावं शतक खेड्यात वारणेच्या वाटेनं येणार असं आम्हालाही वाटलं होतं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूतल्या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी तिथे जाऊन लोक ही केंद्रं कशासाठी वापरतात हे बारकाईनं पाहिलं. बाजारभाव आणि पीकसल्ल्यासाठी जवळपास कुणी येत नव्हतं. लोक येत होते ते ऊस नोंदवायला, तोडीची चिठ्ठी कधी निघणार विचारायला, काट्यावर किती वजन भरलं पाहायला आणि खताची उचल करायला. म्हणजे कारखान्याशी असलेला रोजचा व्यवहार. त्यासाठी गावोगाव संगणक आणि जोडणी सांभाळणं महाग पडत होतं. २००६-०७च्या सुमारास या अभ्यासकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. शेतकऱ्यानं आपला खाते क्रमांक पाठवला की वजनाचा आकडा परत येई. तेच काम झालं, खर्च पुष्कळ कमी लागला, आणि केंद्र उघडं आहे की बंद, वीज आहे की गेली, याची वाट पाहावी लागली नाही.

वारणेचा प्रकल्प फसला असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. शेतकऱ्याला कोणती माहिती हवी होती, हे वारणेनं दिल्लीला दाखवून दिलं. दिल्लीला वाटत होतं त्याला जगाचं ज्ञान हवं आहे. ते त्यालाही हवंच होतं, पण आधी हवं होतं ते आपल्या उसाचं वजन. ज्या नोंदीवर घर चालतं ती नोंद त्याला पाहायची होती. १८७५ला सुप्याच्या शेतकऱ्यानं कागद जाळून जे मागितलं, ते वारणेचा शेतकरी एसएमएस पाठवून मागत होता.

तुम्ही म्हणाल, आता ऊस कमी आणि सोयाबीन जास्त. बरोबर आहे. सोयाबीनचंही उदाहरण आहे. आयटीसी कंपनीनं २०००मध्ये मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी 'ई-चौपाल' सुरू केलं. गावात संगणक, त्यावर मंडईचे भाव आणि कंपनीचा स्वतःचा खरेदीभाव आदल्या दिवशी जाहीर. अपराजिता गोयल यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की अशी केंद्रं आल्यावर त्या भागातल्या मंडयांतला सोयाबीनचा भाव एक ते तीन टक्क्यांनी वाढला. जो शेतकरी कंपनीला माल देत नव्हता आणि नेहमीच्या मंडईतच विकत होता, त्यालाही तो वाढीव भाव मिळाला. दुसरं गिऱ्हाईक किती देतं हे समजल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाला खाली दाबता येत नाही.

पण तीनच टक्के. यापुढे माहिती एकटी जात नाही. आज लातूरचा भाव तुमच्या मोबाइलवर सकाळी येतो, ई-नाम हा ऑनलाइन बाजार २०१६पासून आहे, शिकागोच्या बाजारात सोयाबीन किती घसरलं हे पारावर बसून सांगणारी मुलं मला माहीत आहेत. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली होता, हे प्रत्येकाला पाठ होतं. खरेदी केंद्रावर बारा टक्के ओलाव्याची अट होती. आरडाओरडा झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ती पंधरा टक्क्यांवर नेली. भाव कळूनही माणूस कमी भावात विकून आला, कारण दुकानदाराची उधारी होती, रब्बीचं बियाणं घ्यायचं होतं, घरात साठवायला जागा नव्हती. थांबता येणाऱ्यालाच भावाची माहिती उपयोगी पडते. म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना मला कोणत्याही ॲपपेक्षा मोलाची वाटते. १९९०-९१पासून ती चालू आहे. माल गोदामात ठेवा, किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत सहा महिने सहा टक्क्यांनी कर्ज घ्या आणि भाव आला की विका. गोदामाची पावती हीसुद्धा माहितीच आहे, आणि तिच्यावर बँक पैसे देते म्हणून ती कामाची आहे.

आता बाजारात भाजीच्या पाटीला टेकवून ठेवलेला क्यूआर कोड पाहा. यूपीआय २०१६मध्ये आलं आणि अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा 'पैसे आले' हा आवाज ऐकून भाजी देते. तिच्या विक्रीची तारीखवार नोंद आयुष्यात पहिल्यांदा तयार होते आहे. यात मी फार मोठी शक्यता पाहतो. त्या नोंदीच्या आधारे तिला तारण न ठेवता कर्ज मिळू शकतं. काळजीही तिथेच आहे. नोंद तिची असली तरी ती राहते दूरच्या सर्व्हरवर, आणि तिच्यावरून तिची पत ठरवणारा माणूस तिला कधी दिसणार नाही. कर्ज नाकारलं तर का नाकारलं हे विचारायला गादी नाही, मुनीम नाही. २०२३मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात आपली माहिती पाहण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. १८७९च्या पासबुकाचाच तो वारस. त्या कायद्यासारखाच हाही कागदावर राहील की काय, हे मागणाऱ्यांवर ठरेल.

मागता येतं, हे दाखवणारं एक उदाहरण आपल्या हाताशी आहे. पीकपाहणी तलाठी करत असे; तो बांधावर न येताच सातबाऱ्यावर पीक चढे आणि विमा-नुकसानभरपाईच्या वेळी घोळ होई. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटोसकट पीक नोंदवतो. रेंज नसते, ॲप अडतं, मुदत संपते, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या केल्याच पाहिजेत. तरीही सरकारी दप्तरात कुळानं स्वतःच्या हातानं लिहावं, हे या मातीत पूर्वी झालेलं नव्हतं.

म्हणून मी ढोकीच्या तरुणांकडे एक काम मागायला आलो आहे. येत्या गळीत हंगामात गावातल्या ज्यांची तयारी असेल त्या ऊस उत्पादकांच्या पावत्या एकत्र लिहून काढा. लागणीची तारीख, नोंदीची तारीख, चिठ्ठी मिळाल्याची तारीख, तोड झाल्याची तारीख, भरलेलं वजन, रिकामं वजन, बांधणीची वजावट, बिलाचा दिवस आणि रक्कम. एवढे नऊ रकाने. मोबाइलवरच्या साध्या तक्त्यात ते बसतात. ऊस कुठल्याही कारखान्याला गेलेला असो, तक्ता एकच ठेवा. नावं उघड करायची नाहीत, खाते क्रमांकाऐवजी आपापला आकडा द्या. हंगाम संपल्यावर लागणीचा आणि तोडीचा क्रम कुठे जुळला नाही, चौदा दिवसांची मुदत कुठे टळली, हे त्यातून दिसेल. वजनाबद्दल शंका आली तर वैधमापनशास्त्र विभागाकडे जाताना हातात तक्रारीबरोबर तक्ताही असेल. वाणिज्य शिकणाऱ्या मुलांनी त्याच वेळी कारखान्याचा ताळेबंद घेऊन बसावं आणि सभेच्या आधी सभासदांना सोप्या मराठीत समजावून सांगावा. त्यासाठी मी यायला तयार आहे. तक्त्याचा कोरा नमुना छापून आणला आहे, तो संयोजकांकडे देतो.